साडेसहा हजारांचा सोल घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरच्या एका आईचा मुलगा 9 वर्षांचा, उंची 132 सेंटिमीटर, वजन 46 किलो. शाळेचे बूट दोन महिन्यांत आतल्या बाजूने घासतात. फुटबॉल खेळून आला की टाच दुखते म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत बाथरूमला जातो. सीताबर्डीतल्या एका दुकानात पायाचा स्कॅन काढून सांगितलं, "दोन्ही पाय फ्लॅट आहेत, आत्ताच सोल नाही लावले तर गुडघे जातील." सोल म्हणजे बुटाच्या आत तळव्याखाली घालायचा आधार. त्याची किंमत साडेसहा हजार, आणि दर वर्षी नवे घ्यायचे. आजोबा म्हणतात, "खात्यापित्या घरचं पोट्टं आहे, असंच दिसते." शाळेतल्या सरांनी त्याला पीटीतून सूट दिली आहे. आईला विचारायचंय की हे वजनामुळे झालं का, पाय सरळ होईल का, सोल घ्यायचे का, खेळ बंद ठेवायचा का.

ताई, मी बावीस वर्षं लहान मुलांच्या हाडांचं काम करते, त्यातली सोळा नागपुरात. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. सोल आत्ता घेऊ नका. खेळ बंद करू नका, थोडा बदला. आता बाकीचं सावकाश सांगते.

जन्मलेल्या बाळाचा तळवा सपाटच दिसतो. तळव्याच्या मधोमध, आतल्या बाजूला, चरबीची एक उशी असते आणि तिच्याखाली कमान, म्हणजे तळव्याचा मधला खळगा, झाकलेली असते. पायातली बरीचशी हाडं तेव्हा हाडं नसतात, मऊ, लवचीक कूर्चा असतात. कमानीच्या ऐन मध्यावर बसणारं नावेच्या आकाराचं हाड, नॅव्हिक्युलर, सगळ्यात शेवटी कडक व्हायला लागतं, मूल जवळपास तीन वर्षांचं झाल्यावर. तोवर पोर उभं राहतं, धावतं, पलंगावरून उड्या मारतं. म्हणजे मधला दगड ओला असतानाच पुलावरून गाडी जात असते. हाडांना हाडं बांधणारे अस्थिबंधही सैल असतात. मग साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान ही कमान हळूहळू दिसायला लागते.

व्हिएन्नामध्ये 3 ते 6 वर्षांच्या 835 मुलांचे पाय मोजले होते, तो अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या मुलांत 54 टक्के सपाट पाय सापडले, सहा वर्षांच्या मुलांत 24 टक्के. वयाबरोबर निम्म्याहून खाली. लठ्ठ मुलांत मात्र हे प्रमाण 62 टक्के होतं. तेव्हा वजनाचा संबंध आहे का, याचं उत्तर आहे, होय, आणि चांगलाच आहे. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी आई-बाबांना आवर्जून सांगते. या सगळ्यांत खरोखर आजारी म्हणावा असा सपाट पाय 1 टक्क्याहून कमी मुलांत होता, आणि कमानीचे सोल घालून फिरणारी मुलं होती 10 टक्के. दुकानदार तिथेही असतात.

वजन नेमकं काय करतं? चालताना दर पावलाला काही क्षण सगळं शरीर एका पायावर असतं. धावताना तोच भार वजनाच्या दुपटी-तिपटीवर जातो. तुमच्या मुलाच्या उंचीला 28-30 किलो वजन शोभलं असतं. वरचे 16 किलो म्हणजे पाण्याचा 20 लिटरचा जार थोडा कमी भरलेला, तो त्याने सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत खाली ठेवलेलाच नाही. शाळेच्या दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावं, असं केंद्राचं 2020 चं दप्तर धोरण सांगतं, आणि आपण त्यावरून शाळेशी भांडतोही. गंमत म्हणजे या हिशेबाने जाड मुलाला जास्त जड दप्तर चालतं!

हा भार तळव्याच्या मधल्या भागावर आणि चवड्यावर येतो. टाच बाहेरच्या बाजूला कलते, घोटा आत झुकतो, कमान खाली बसते. चालताना मूल पाय फाकवून चालतं, पावलं बाहेर वळवतं, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात तो वेळ वाढतो. त्यात मुलाचा आळस नाही. डोक्यावर जड टोपली असली की आपणही असंच चालतो. पायाचे स्नायू तसे कमजोर नसतात, पण जेवढं ओझं आहे तेवढ्याला पुरत नाहीत. म्हणून ही मुलं पहिली दहा मिनिटं बरी खेळतात आणि मग "पाय दुखतात" म्हणून कट्ट्यावर बसतात. घरचे म्हणतात, बहाणा करतो. बहुतेक वेळा बहाणा नसतो.

एक जुना वाद असा होता की जाड मुलांचा पाय खरंच सपाट असतो, की तळव्यात चरबी जास्त म्हणून ठसा भरलेला उमटतो. ऑस्ट्रेलियात वूलाँगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी सोनोग्राफी करून चरबीची उशी मोजली. शाळेआधीच्या वयात जाड आणि सडपातळ मुलांत ती उशी सारखीच निघाली, कमान मात्र जाड मुलांची खाली होती. त्यांनीच पुढे शाळेतल्या मुलांत पाहिलं, तेव्हा उशीही जाड आणि कमानही खाली, असं दोन्ही दिसलं. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयात ओल्या पायाचा ठसा थोडी चुगली जास्तच करतो. दुकानातला स्कॅन हा त्याच ठशाचा रंगीत भाऊ. लाल-निळे ठिपके बघून घाबरू नका. मूल उभं असताना कुठे किती दाब पडतो एवढंच तो सांगतो. पाय लवचीक आहे की कडक, हे त्याला कळत नाही. आणि सगळा निकाल तर त्यावरच आहे.

ते घरी बघता येतं. मागच्या पावसाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पोराचे पाय पावसाने ओलेच होते, माझ्या खोलीतल्या काळ्या फरशीवर दोन भरीव ठसे उमटले, पाटावर रांगोळीने काढतात त्या लक्ष्मीच्या पावलांसारखा मधला खळगा कुठेच नाही. आजींनी कपाळाला हात लावला. मी पोराला म्हटलं, भिंतीला हात टेकव आणि चवड्यावर उभा राहा. तो उभा राहिला तसा टाचा आत वळल्या आणि तळव्याखाली बोट जाईल एवढी सुबक कमान वर आली. "अगोबाई, हे तर आहे की!" आजी खाली वाकून बघतच राहिल्या. मग त्याला सरळ उभं करून फक्त अंगठा वर उचलला, तरी कमान आली. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टी असते. अंगठा उचलला की ती ताणली जाते आणि धनुष्याच्या दोरीसारखी कमान वर खेचते. चवड्यावर गेल्यावर कमान येत असेल तर पाय लवचीक आहे, आणि दुखत नसेल तर त्याला उपचार लागत नाही. फताडा दिसतो, एवढंच.

कमान येत नसेल, पाय लाकडासारखा एकसंध वाटत असेल, घोटा डावी-उजवीकडे हलत नसेल, तर गोष्ट वेगळी. त्यात बऱ्याचदा दोन हाडं जन्मापासून एकमेकांना जोडलेली निघतात, आणि आठ ते सोळा वर्षांच्या दरम्यान ती दुखायला लागतात. असं मूल सोलवाल्याकडे नव्हे, हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं. एकच पाय सपाट असेल तरीही.

आता तुमच्या मुलाची टाच. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला कमानीपेक्षा ही टाच जास्त बोलकी वाटते. टाचेच्या हाडाच्या मागच्या भागात वाढीची एक चकती असते, ती साधारण चौदा-पंधरा वर्षांपर्यंत खुली राहते. पोटरीचा जाड स्नायूबंध तिथेच जोडलेला असतो. हाडं भराभर लांबतात, पोटरी तेवढ्या वेगाने लांबत नाही, ती ताणलेली राहते. त्यात वजन जास्त, बूट सपाट आणि कडक, मैदान टणक. मग ती चकती दुखावते. आठ ते चौदा वयाच्या खेळणाऱ्या मुलांत हे नेहमीचं आहे, त्याला सेव्हर म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबा, मूल पाय ओढून घेईल. एक्स-रेची सहसा गरज पडत नाही. हा आजार चकती जुळली की संपतोच, पण तोवर दुखू द्यायचं नाही.

यात आणि सपाट पायात, दोन्हीकडे, खरी खलनायिका पोटरी. ती आखडलेली असली की घोटा वर वळत नाही. मग मूल त्याची कसर पायाच्या मध्यातून काढतं, कमान मोडून. तपासायचं असं. मुलाला पलंगावर बसवा, गुडघा सरळ, टाच हातात धरून किंचित आत वळवा आणि मग पाऊल वर ढकला. काटकोनाच्या पुढे थोडंही जात नसेल तर पोटरी आखडली आहे.

ताण द्यायची रीत नीट वाचा, कारण दहातली आठ मुलं ती चुकीची करतात. भिंतीला दोन्ही हात, एक पाय मागे. मागच्या पायाचा गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. सपाट पायाचं मूल लबाडी करतं, मागचं पाऊल बाहेर वळवतं, आणि ताण पोटरीला न बसता कमानीला बसतो. म्हणजे व्यायामच उलटा. पाऊल सरळ, बोटं भिंतीकडे ठेवून घ्या, आणि तळव्याच्या आतल्या बाजूखाली घडी केलेला नॅपकिन सरकवा. 30 सेकंद धरायचं, प्रत्येक पायाला तीनदा, सकाळ-संध्याकाळ. "पोटरीत ओढल्यासारखं होतं का?" असं विचारा. होय म्हणाला तरच बरोबर. सहा आठवडे रोज. पहिल्या पंधरा दिवसांत काही फरक दिसला नाही तरी सोडू नका.

जोडीला दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमिनीवर पसरलेले कंचे पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायचे, चवड्यावर हॉलभर फेऱ्या मारायच्या. याने कमान उगवेल असं वचन मी देत नाही. पाय कमी थकतो, ते पुरे आहे. लंगडी आणि दोरीच्या उड्या हे सहा आठवडे नकोत. टाचेवर बर्फ रुमालात गुंडाळून, खेळून आल्यावर दहा मिनिटं.

सोलबद्दल. अमेरिकेत 1989 साली वेंगर आणि सहकाऱ्यांनी लवचीक सपाट पाय असलेल्या लहान मुलांचे गट केले. काहींना खास बूट, काहींना सोल, काहींना काहीच नाही. तीन वर्षांनी तपासलं तर पाय सगळ्यांचेच सुधारले होते, आणि गटागटांत फरक नव्हता. सोलने कमान तयार होत नाही. चष्मा घातल्याने डोळ्याचा नंबर जात नाही, तसंच हे. दुखणाऱ्या पायाला मऊ आधाराने आराम मिळू शकतो, आणि त्यासाठी मीही कधीकधी देते. तुमच्या मुलाला टाचेखाली सिलिकॉनची साधी गादी बुटात टाकून बघा, दोन्ही पायांत, काही महिन्यांपुरती. ती काही हजारांची वस्तू नाही.

त्यापेक्षा बुटाकडे लक्ष द्या. जाड मुलाचं पाऊल रुंद असतं. दुकानात रुंदीला बूट बसत नाही म्हणून आपण एक-दोन नंबर मोठा घेतो, वर "वाढतं वय आहे, वर्षभर पुरेल" हे समाधान. मग बूट लांबीला ढिला, टाच आत डुचमळते, बूट जिथे वाकायला हवा त्याच्या मागेच वाकतो. संध्याकाळी मुलाला कोऱ्या कागदावर उभं करून पेन्सिलीने पावलाची रेघ काढा आणि त्याचा आत्ताचा बूट त्या रेघेवर ठेवा. चवड्याशी रेघ बुटाच्या बाहेर सांडलेली दिसेल. तोच कागद कापून खिशात घालून बाजारात न्या. अंगठ्यापुढे सेंटिमीटरभर जागा, टाचेची मागची भिंत घट्ट, बूट बोटांपाशी वाकणारा पण मधोमध न मोडणारा. वेल्क्रो किंवा लेस हवी, नुसता सरकवायचा नको.

घरात मात्र अनवाणी. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांचे ठसे घेतले होते, 1992 साली ते प्रसिद्ध झाले. बूट-चप्पल वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के, आणि बंद बूट घालणाऱ्यांत सगळ्यात जास्त. याचा अर्थ मे महिन्यात 45 अंशांत पोराला अंगणात सोडा असा नाही. नागपूरच्या उन्हात सकाळी नऊनंतर फरशीदेखील पाय ठेवू देत नाही. पण सकाळी सहा-साडेसहाला सोसायटीच्या हिरवळीवर, काचा-काटे बघून, अर्धा तास चालेल. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत गल्लीभर अनवाणी फिरणारी पोरं बघते तेव्हा मला बरं वाटतं, मग घरी जाऊन ती सोफ्यावर बसतात ते सोडा.

आता वजनाची बाजू. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, 26 च्या वर आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत, त्यात मोठ्यांच्या 23 आणि 27 बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेघा वयानुसार काढलेल्या आहेत. 23 ची रेघ ओलांडली की जास्त वजन, 27 ची ओलांडली की लठ्ठपणा. हा मुलगा दुसऱ्या रेघेच्या बराच वर आहे, तेव्हा आजोबांना सांगा, बाळसं दोन वर्षांपर्यंत शोभतं. पण त्याला डाएटवर टाकू नका. वाढत्या मुलाचं वजन उतरवण्याऐवजी थोपवून धरायचं. दीड वर्षात तो 140 सेंटिमीटर झाला आणि वजन 46 वरच राहिलं, तर बीएमआय साडेतेवीसवर येतो. भात, पोळी, वरण बंद करायचं नाही. बाटलीतलं गोड पाणी, ट्यूशनच्या वाटेवरचे समोसे आणि टीव्हीसमोरचं ताट बंद करायचं. रविवारचा तर्री पोहा राहू द्या, एक प्लेट. हे सगळ्या घराला लागू, एकट्या पोराला नाही. थायरॉइडची शंका सगळेच काढतात. मूल वयाच्या मानाने उंच असेल तर ती बहुधा नसते. बुटकं आणि जाड असेल तर जरूर तपासा.

खेळ बंद का नको ते आता कळलं असेल. पाय दुखतो म्हणून पीटी बंद, पीटी बंद म्हणून वजन वाढतं, वजन वाढलं की पाय आणखी दुखतो. सरांनी दिलेली सूट परत करा. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर घाम येईल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिले सहा आठवडे सायकल आणि पोहणं, फुटबॉल आठवड्यातून दोनदा आणि अर्धा वेळ. नियम एकच. खेळताना लंगडायला लागला तर बाहेर. रात्री दुखलं पण सकाळी नाही, तर चालेल. सकाळीही लंगडला, जसा आत्ता लंगडतोय, तर आदल्या दिवशी जास्त झालं.

एक गोष्ट मात्र कमानीपेक्षा, टाचेपेक्षा, सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती मी माझ्या चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एक बारा वर्षांचा मुलगा आला, चांगला जाड, गुडघा दुखतो म्हणून. गुडघा तपासला, छान होता. पाऊल थोडं बाहेर वळवून चालत होता, ते मी सपाट पायाच्या खात्यात घातलं. वजन कमी करा, म्हटलं, आणि पाठवलं. तीन आठवड्यांनी वडिलांनी त्याला उचलून आणला, पाय टेकवत नव्हता. खुब्याच्या सांध्यातला गोळा वाढीच्या चकतीवरून घसरला होता. खुबा बिघडतो आणि दुखतो गुडघा, हे पुस्तकात वाचलेलं होतं, समोर आल्यावर सुचलं नाही. शस्त्रक्रिया झाली, स्क्रू टाकला, पण पहिल्या दिवशी टाकला असता तर गोळा एवढा सरकला नसता. तो पाय आजही थोडा आखूड आहे.

म्हणून दहा वर्षांपुढचं जाड मूल मांडी, जांघ किंवा गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल, पाऊल बाहेर वळत असेल, तर त्याच दिवशी दाखवा, चालवत नेऊ नका, आणि गुडघ्याचा नव्हे, दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा. घरी बघायची खूण अशी की उताणं झोपवून गुडघा छातीकडे नेताना मांडी आपोआप बाहेर पडते. तुमचा मुलगा नऊचा आहे, त्याची टाच दुखते, आत्ता ही शंका घ्यायचं कारण दिसत नाही. पण तो अकरा-बारा वर्षांचा होईल आणि तोवर सगळ्यांना "वजनामुळे दुखतं" म्हणायची सवय झालेली असेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. तसंच एखाद्या पायाचा गुडघा बाहेर धनुष्यासारखा वाकत चालला असेल, किंवा झोपेतून दुखण्याने उठत असेल, तर थांबू नका.

शेवटी एक. वर्गात त्याला काही नाव पडलं आहे का, ते हळूच विचारा. ही मुलं चपला काढायला लाजतात, माझ्या खोलीतही मोजे काढायला पाच मिनिटं घेतात. पाय सपाट आहेत म्हणून पुढे पोलीस भरतीत घेतील का, हे बाप लोक त्यांच्यासमोरच विचारतात. तो प्रश्न मुलाला बाहेर बसवून विचारा.

सहा आठवडे ताण, गादी आणि नवे बूट करून बघा. टाच तरीही सकाळी दुखत असेल तर धंतोलीत माझ्याकडे या किंवा तुमच्या जवळच्या लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरकडे जा. जाताना त्याचे जुने घासलेले शाळेचे बूट पिशवीत घाला, नवे नकोत. आणि हाफ पँट घालून न्या, म्हणजे गुडघे दिसतील.